शाळेतली तक्रारपेटी: कोणती घ्यावी, कुठे लावावी आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा

बाजारात ‘सजेशन बॉक्स’ या नावाने मिळणारी पत्र्याची पेटी हजार रुपयांच्या आसपास पडते. पावडर कोटिंगचा निळा नाहीतर लाल रंग, पुढे काच, वर फट, एक छोटं कुलूप आणि दोन किल्ल्या. कोकणातल्या शाळेच्या भिंतीवर दिसते ती बहुधा हीच. सरकारी नियमापुरतं, कागदोपत्री, तेवढं पुरतं: पेटी लावली, फोटो काढला, अहवाल गेला. मुलांमधली दादागिरी आणि फोनवरचा छळ थांबवायला ती उपयोगी पडते का, ते या परीक्षणात पाहायचं आहे. पेटीबरोबर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांनाही आम्ही त्याच तराजूत घातलं आहे. वर्गात सुरू झालेली चिडवाचिडवी हल्ली संध्याकाळी फोनवर जाते आणि सकाळी एसटीतून पुन्हा वर्गात येते, त्यामुळे एकट्या पेटीबद्दल बोलून भागत नाही.

तराजू एकच ठेवला आहे. मुलाने सांगितल्यापासून त्याच्यासाठी काहीतरी हलेपर्यंत किती वेळ गेला? मूल एकदा धीर करून सांगतं. आठवडाभर काही झालं नाही तर ते परत सांगत नाही, आणि छळणाऱ्यालाही कळून चुकतं की सांगून काही होत नाही. उशिरा उघडलेली पेटी म्हणून नसलेल्या पेटीपेक्षा वाईट.

आणि सगळंच भांडण म्हणजे छळ नसतो, हेही आधीच स्पष्ट असावं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या, त्या आजही जगभर वापरतात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो, आणि ज्याला दिला जातो त्याला उलट उभं राहता येत नाही. बरोबरीच्या दोघांत खो-खोवरून झालेली मारामारी यात बसत नाही. पाच जणांनी मिळून रोज एकाचा डबा लपवणं बसतं. फोनवर ‘पुन्हा पुन्हा’चा अर्थ थोडा बदलतो. फोटो एकदाच टाकला तरी तो चाळीस जण पुढे पाठवतात, आणि त्या मुलाला तो चाळीस वेळा लागतो.

पेटी घेताना

समुद्रकाठच्या हवेत साधा पत्रा टिकत नाही. रंग नेमका फटीच्या कडेला आणि स्क्रूच्या भोकाशी खरवडतो, तिथून गंज धरतो. सप्टेंबरपर्यंत आतल्या कागदांवर तांबडे डाग पडतात आणि कुलपाची जीभ जाम होते. या पेट्यांना बसवलेलं कुलूप टेबलाच्या ड्रॉवरच्या जातीचं असतं, आणि एकाच लॉटमधल्या दोन पेट्यांची किल्ली पुष्कळदा एकमेकींना लागते. ऑफिसातल्या कपाटाची किल्ली पेटीला लावून पाहा. लागली तर कुलूप बदला.

पुढची काच हा सर्वांत मोठा दोष. आत चिठ्ठी आहे की नाही हे बाहेरून दिसावं म्हणून ती ठेवलेली असते, पण चिठ्ठीची घडी, कागदाचा रंग, कधीकधी अक्षरसुद्धा दिसतं. मधल्या सुट्टीत कोण पेटीकडे गेलं आणि त्यानंतर आत काय वाढलं, हे पाहणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. संपूर्ण ॲक्रिलिकची पेटी घेणाऱ्यांनी तर पैसे वाया घालवले असं समजावं. काचेच्या आतून जाड पुठ्ठा चिकटवणं हा तात्पुरता इलाज आहे.

तिसरा दोष खोलीचा. या पेट्या जेमतेम चार इंच खोल असतात. वरच्या फटीतून पट्टी किंवा वाकवलेली तार घालून चिठ्ठी वर काढता येते. हुकांवर अडकवलेली असेल तर उलटी करून झाडता येते.

आमचा कौल गावातल्या सुताराला. अर्धा इंच मरीन प्लायची, बारा इंच उंच, नऊ इंच रुंद, आठ इंच खोल पेटी. फट साडेचार इंच लांब आणि जास्तीत जास्त अर्धा इंच रुंद. फटीच्या खाली आतून एक तिरकी फळी, म्हणजे चिठ्ठी घसरून खाली जाते पण वरून हात किंवा तार पोचत नाही. टपालपेटीत असते तीच युक्ती. कडी-कोयंडा आणि कुलूप पितळेचं, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. जांभ्याच्या उघड्या चिऱ्यात स्क्रू धरत नाही, भुगा होऊन सुटतो. गिलावा असलेल्या भिंतीवर किंवा लाकडी खांबावर, आतल्या बाजूने स्क्रू मारून पेटी बसवावी. दरवर्षी मे महिन्यात मागची बाजू वाळवीसाठी तपासावी.

वर ‘तक्रारपेटी’ असं लिहिलेलं असलं की मुलांना वाटतं, यात टाकायला काहीतरी गुन्हा घडलेला हवा. सरकारी कागदात नाव तेच राहू दे, पेटीवर खाली मोठ्या अक्षरात ‘सांगायचंय’ एवढं लिहावं.

जागा निवडताना शाळा हमखास चुकतात. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी पेटी लावली की तिथे उभं राहणं म्हणजेच बोभाटा. पडवीच्या पश्चिमेच्या टोकाला लावली की जून-जुलैत वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस फटीतून आत जातो, लगद्यात शाई विरघळते. सीसीटीव्हीच्या नजरेत पेटी येत असेल आणि त्याचा पडदा ऑफिसात सर्वांसमोर असेल, तर चिठ्ठी निनावी राहिली कुठे? पेटी दिसली पाहिजे, टाकणारा उठून दिसता कामा नये. पाण्याच्या टाकीकडे किंवा ग्रंथालयाकडे जाणारा आतला बोळ, जिथून प्रत्येक मूल दिवसातून दोनदा काही ना काही कारणाने जातंच, ती जागा चांगली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर एक दुसरी छोटी पेटी असेल तर उत्तम.

चिठ्ठीचं तंत्र

एवढं सगळं नीट करूनही पेटी रिकामी राहते. रिकाम्या पेटीचा अर्थ ‘आमच्याकडे असलं काही नाही’ असा लावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पेटी रिकामी राहते कारण टाकणारा एकटा पडतो. त्यावरचा उपाय साधा आहे: सर्वांनीच टाकायचं.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, शेवटच्या तासाची दहा मिनिटं. ए-फोर कागदाचे चार तुकडे, सगळ्यांना सारखेच. वहीचं पान फाडू द्यायचं नाही, कारण रेघांवरून आणि फाटलेल्या कडेवरून वही सापडते. बॉलपेन किंवा पेन्सिल, जेल पेन नको. दमट हवेत त्याची शाई पसरते. प्रत्येक मुलाने काहीतरी लिहायचं, सांगण्यासारखं नसेल तर त्या आठवड्यात आवडलेली एक गोष्ट दोन ओळींत लिहायची. नुसतं ‘काही नाही’ नको, कारण मग दोन शब्द लिहिणारे आणि मान खाली घालून लिहीत राहिलेले लगेच वेगळे दिसतात. दोन घड्या घालून सगळ्यांनी जाताना पेटीत टाकायचं.

खर्चाचा हिशेब पाहा. १६० मुलांच्या शाळेला आठवड्याला ४० कागद. पाचशे कागदांचं रिम बारा आठवडे पुरतं, म्हणजे वर्षाला तीन-चार रिमं. यापेक्षा स्वस्त उपाय आम्हाला माहीत नाही.

चिठ्ठीवर चार छोटे प्रश्न छापावेत. काय झालं? कुठे? कितव्यांदा? तिथे अजून कोण होतं? पाचवी ओळ ऐच्छिक: तुला काय व्हायला हवंय? ‘कोणी केलं’ हा प्रश्न मुद्दाम नाही. नाव लिहायचं असेल तर मुलं लिहितात, पण विचारलं की भीती वाटते. ‘कुठे’ या उत्तराला मात्र सोन्याचं मोल आहे. पाच चिठ्ठ्यांत ‘नळाजवळ’ आलं तर कुणाचंही नाव न घेता दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नळाजवळ एक शिक्षक उभा करता येतो. आणि ‘तिथे अजून कोण होतं’ यातून बघे कळतात. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात २००६ पासून उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम या बघ्यांवरच उभा आहे: हसणारे थांबले की छळणाऱ्याची निम्मी मजा जाते.

भाषा मुलाची असू द्या. ‘माका गाडयेत बसाक देनत नाय’ असं लिहिलेली चिठ्ठी तेवढीच पक्की आहे. प्रमाण मराठीत लिहायला लावलं की मूल अर्धं गाळतं. भाषा हे इथल्या चिडवण्याचं एक मोठं निमित्तही आहे. मुंबईहून गावी आलेल्या मुलाला मालवणी येत नाही म्हणून, आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेलेल्याला मालवणीच येतं म्हणून. बंदरावरच्या मुलांना मासळीच्या वासावरून चिडवतात. आंबा बागेतल्या नेपाळी राखणदारांची आणि बोटीवरच्या खलाशांची मुलं मराठी शाळेत येतात, त्यांना चेहऱ्यावरून आणि नावावरून. ही मुलं चिठ्ठी लिहितील असं धरून चालू नये, त्यांच्याशी बोलावंच लागतं. शिमग्याच्या आगेमागे ‘सण आहे, चालायचंच’ म्हणून पुष्कळ काही खपवलं जातं. पण सणाची मोकळीक पालखी देवळात परतली की संपते. एका मुलाच्या मागे बारा महिने लावलेला शिमगा सणात मोडत नाही.

पेटी उघडल्यावर

दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं, त्यातली एक शिक्षिका. उघडायचं त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर. दीडशे चिठ्ठ्या वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो, कारण बहुतेक आवडलेल्या गोष्टींच्याच असतात. त्यांचे तीन गठ्ठे करायचे. मारहाण, धमकी, शरीराला हात लावणं, उघडे फोटो, ‘जगावंसं वाटत नाही’ अशी एखादी ओळ असेल तर आजच, घरी जाण्यापूर्वी हालचाल. वारंवार होणारा त्रास असेल तर शाळेच्या दोन दिवसांत. राहिलेली भांडणं वर्गशिक्षकांकडे. जाड पुठ्ठ्याच्या एका वहीत तारीख, जागा, प्रकार, काय केलं, पुन्हा कधी पाहायचं एवढ्याच नोंदी. मुलांची नावं या वहीत नकोत. ती वेगळ्या कागदावर, कपाटात.

इथून पुढे जे बिघडतं ते पेटीमुळे नसतं. परिपाठात चिठ्ठी वाचून दाखवणं, नाव न घेता का होईना, हा त्या मुलाचा विश्वासघात आहे. अख्ख्या वर्गाला कळतं. अक्षर जुळवून लिहिणाऱ्याचा शोध घेणं त्याहून वाईट. आणि सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे दोघांना समोरासमोर उभं करून ‘झालं गेलं विसरा, हात मिळवा’. बरोबरीच्या भांडणात हे चालतं. छळात ते मूल सर्वांसमोर दुसऱ्यांदा हरतं, आणि शाळा सुटल्यावर वाटेत त्याची भरपाई वसूल होते.

चालतं ते असं. आधी त्रास झालेल्या मुलाशी एकट्याने, पंधरा मिनिटं, दार अर्धं उघडं ठेवून. काय झालं हे त्याच्या शब्दांत. ‘तू का नाही उलट बोललास?’ हा प्रश्न विचारायचा नाही. मग त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याने, एकामागून एक, त्याच तासाला, म्हणजे मधे त्यांना ठरवाठरवी करायला वेळ मिळत नाही. सुरुवात अशी: ‘अमुकला सध्या वर्गात त्रास होतोय हे आम्ही पाहिलंय. तो थांबवण्यासाठी तू उद्यापासून काय करशील?’ कोणी सांगितलं हे कधीही नाही. म्हणूनच दरम्यान एका शिक्षकाने ती जागा स्वतः पाहून ठेवणं महत्त्वाचं, कारण मग ‘पाहिलंय’ हे खरं असतं. उत्तर लिहून घ्यायचं. वर्गातली दोन ते चार समजूतदार मुलं निवडून त्या मुलासोबत डब्याला बसायला सांगायचं. आणि दोन आठवड्यांनी सर्वांना पुन्हा, एकेकट्याने, भेटायचं. ही दुसरी भेट बहुतेक शाळा विसरतात, आणि गाडी तिथेच रुळावरून घसरते.

‘दाखला हातात देऊ’ ही धमकी देऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुलांनाही हे कळतं, आणि पोकळ धमकीने शिक्षकाचाच शब्द हलका होतो. उलट महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा फक्त कॉलेजपुरता आहे असा गैरसमज आहे. त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या रुंद आहे, वसतिगृह आणि शिकवणीचे वर्गही त्यात येतात, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. वसतिगृह असलेल्या शाळांनी तो वाचलाच पाहिजे.

चिठ्ठीत लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर शाळेने स्वतः चौकशी करत बसू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला तोच प्रसंग चार जणांसमोर चारदा सांगायला लावू नये. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून, तारीख-वेळ घालून, पुढे द्यावं.

१० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने आलेली, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती इथे उपयोगी पडू शकते. बाहेरची माणसं असल्यामुळे शाळेला प्रकरण दाबता येत नाही. पण गावात सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी असतात. समितीतल्या एखाद्याचा पुतण्याच त्रास देणारा निघाला की चिठ्ठी रात्रीत वाडीत पोचते आणि मुलांचा प्रश्न भावकीच्या तंट्यात जातो. समितीपुढे प्रकरण नेताना नावं झाकून न्या, आणि ज्याचं नातं आहे त्याने त्या बैठकीपुरतं बाहेर बसावं असा ठराव वर्षाच्या पहिल्या सभेतच करून ठेवा. ऐनवेळी तो मांडायला कोणाला धीर होत नाही.

पटसंख्या वीसच्या आत असलेल्या वाडीवरच्या शाळांना आमचा सल्ला वेगळा आहे. तिथे शिक्षक प्रत्येकाचं अक्षर डोळे मिटून ओळखतात, निनावी काही राहतच नाही. नियमासाठी पेटी लावा, भरवसा तिच्यावर ठेवू नका. त्याऐवजी महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोला. पंधरा मुलांना सव्वा तास लागतो.

पेटीला न दिसणारी एक जागा राहते: एसटी. पाच वाजता शाळा सुटते, गाडी उशिरा असते, मधला वेळ स्टॉपवर जातो. गाडीत मागची सीट मोठ्या मुलांची. उतरल्यावर साकवापलीकडची पायवाट. चिठ्ठीत ‘कुठे’च्या पुढे ही ठिकाणं येऊ लागली की शाळेने डेपोला लेखी कळवावं, कंडक्टरशी बोलावं, लहान मुलांना पुढच्या सीटवर बसवण्याची विनंती करावी आणि स्टॉपवर पाळीने एक शिक्षक ठेवावा. गाडी सुटेपर्यंतची वीस मिनिटं पुष्कळदा अख्ख्या दिवसाचा छळ ठरवतात.

फोनवरची साधनं

व्हॉट्सॲप वापरायचं किमान वय तेरा वर्षं आहे, पण गावात फोन आई-वडिलांचा असतो आणि वापरतं मूल. २०२० मध्ये शाळा बंद असताना उघडलेले वर्गाचे ग्रुप अजून चालू आहेत. शिक्षकाच्या ग्रुपमध्ये ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सेटिंग ठेवा. २०२२ पासून ॲडमिन कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढू शकतो, ती सोय वापरा, पण काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मुलाच्या फोनवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे ग्रुप्स, आणि ‘माझे संपर्क’ निवडा, म्हणजे अनोळखी नंबर त्याला परस्पर ग्रुपात ओढू शकत नाही. रिपोर्ट केलं तर त्या व्यक्तीचे किंवा ग्रुपचे शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात, समोरच्याला कळत नाही. वाईट संदेश आल्यावर लगेच रिपोर्ट केलं तर उपयोग, नंतर वीस ‘गुड मॉर्निंग’ आले की ते पाच भलतेच असतात.

या सगळ्याला न सापडणारे प्रकार दोन. एक, शिक्षक नसलेला आणि एका मुलाला मुद्दाम वगळलेला दुसरा ग्रुप. त्यावर कुठलंही बटण नाही, तिथे चिठ्ठी आणि बघेच कामाला येतात. दुसरा, स्टिकर. मुलाचा झोपलेला, जेवताना तोंड उघडलेला फोटो कापून स्टिकर करतात. मूळ संदेश काढला तरी ज्यांनी तो फेव्हरिटमध्ये ठेवला त्यांच्याकडे राहतोच. त्यामुळे प्रत्येकाच्या फोनमधून तो काढून घेणं, पालकांसमोर, हे हातानेच करायचं काम आहे.

इन्स्टाग्रामचं ‘रिस्ट्रिक्ट’ हे आम्हाला ब्लॉकपेक्षा बरं वाटतं. ब्लॉक केलं की समोरच्याला समजतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाब विचारला जातो. रिस्ट्रिक्ट केलं तर त्याच्या कमेंट त्याच्या त्यालाच दिसतात, मेसेज रिक्वेस्टमध्ये पडतात, वाचला की नाही कळत नाही. २०२५ पासून भारतात सुरू झालेली किशोरांची खाती मुळातच खासगी असतात, आणि सोळाच्या आतल्या मुलाला ती सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलं किंवा वडिलांचं टाकलं, तर यातलं काहीच लागू होत नाही. मुलाच्या खात्यावरचं जन्मसाल तपासणं हे पालकसभेत दहा मिनिटांत होणारं काम आहे, आणि ते सर्वांत आधी करावं.

शाळेच्या नावाने निघणारी, मुलांबद्दल निनावी मजकूर टाकणारी ‘कन्फेशन’ पानं हा वेगळा ताप. ती चालवणारा कोण हे शोधत बसण्याआधी पान रिपोर्ट करा, मुलाच्या नावाने खोटं खातं असेल तर तोतयेगिरीचा पर्याय निवडा. २०२१ च्या आयटी नियमांत नग्नता, तोतयेगिरी आणि फोटोत फेरफार अशा तक्रारींवर कंपनीने २४ तासांत कारवाई करावी अशी मुदत घातली गेली. म्हणून तक्रार करताना ‘बुलिंग’ एवढंच न निवडता यातला नेमका प्रकार निवडावा.

पुराव्याबद्दल थोडं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. नुसतं सेव्ह केलेलं नाव पुरत नाही, ‘गण्या’ कोण हे पोलिसांना कळत नाही. ग्रुपच्या माहितीचं पान, इन्स्टाग्रामवर पानाची लिंक, दोन्ही घ्या. मूळ फोनमधून काही पुसू नका. मात्र मुलाचा नग्न फोटो असेल तर स्क्रीनशॉट काढू नका, कुणालाही पाठवू नका, मुख्याध्यापकांनासुद्धा नाही. आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली तो साठवणं आणि पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन तसाच बंद करून पालकांसह पोलिसांकडे न्या. असा फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा वापरावी. अठराच्या आतल्यांच्या फोटोची एक डिजिटल खूण फोनवरच तयार होते, फोटो बाहेर जात नाही, आणि सामील झालेल्या साइट ती खूण पाहून फोटो रोखतात. व्हॉट्सॲपसारख्या कूटबद्ध संदेशांत मात्र ती चालत नाही.

मदतीच्या नंबरांबाबत बराच गोंधळ आहे. १९३० हा मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे मुलाच्या छळाची तक्रार घेऊन गेलं तर वेळ जातो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे, मुलांच्या अश्लील चित्रांची तक्रार तिथे निनावीही करता येते. आमच्या तराजूत पोर्टल मधे बसतं: नोंद पक्की होते, हालचाल लगेच होईलच असं नाही, म्हणून सोबत जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

१०९८ ला आमची पसंती जास्त. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा चोवीस तास, फुकट चालते, फोनमध्ये बॅलन्स नसला तरी लागतो. मूल स्वतः फोन करू शकतं. सांगायचं ते चार वाक्यांत: वय, गाव-तालुका, काय होतंय, आत्ता सुरक्षित आहे का. पुढे प्रकरण जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि गरज पडल्यास बालकल्याण समितीकडे जातं. अडचण अंतराची. मंडणगडहून जिल्ह्याचं ठिकाण रत्नागिरी शंभर किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे माणूस दारात येईपर्यंत शाळेने मुलाला सुरक्षित ठेवायचंच असतं. मूल जीव द्यायची भाषा करत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीत बोलता येतं, आणि त्या मुलाला एका मिनिटासाठीही एकटं सोडू नका. रेंज नसलेल्या वाड्यांत हे दोन्ही नंबर गावातल्या लँडलाइनवरून किंवा रेंज येते त्या टेपावरून आधीच एकदा लावून पाहावेत.

राहिली किल्ली. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदल्या होतात, पेटी उघडणारी शिक्षिका मे महिन्यात दुसऱ्या तालुक्यात जाते, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला ठाऊक नसतं. तोवर पहिल्या आठवड्यात नवीन पाचवीतल्या मुलांनी पेटीत काहीतरी टाकलेलं असतं. सुट्टी लागण्याच्या दिवशी पेटी रिकामी करावी, फट आतून पुठ्ठ्याने बंद करावी आणि चार्ज देण्याच्या यादीत दोन्ही किल्ल्या, नोंदवही आणि नावांचा बंद लखोटा स्वतंत्र ओळीवर लिहावा. दुसऱ्या भेटीची तारीख बाकी असलेली प्रकरणं लाल पेनाने वेगळी करून द्यावीत. नवीन माणसाने पहिल्या आठवड्यात तीच आधी घ्यावीत.